‘बाई, कशावरून?’ : शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि इतिहासाच्या शिक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या शाळांचे मुख्याध्यापक, इतिहास शिकवणारे शिक्षक आणि सहलीची जबाबदारी दरवर्षी अंगावर घेणारे सगळे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की शिक्षकखोलीत सहलीचं बोलणं सुरू होतं. एसटीचं आरक्षण, पालकांची संमतिपत्रं, वरच्या कार्यालयाची परवानगी, मुलींबरोबर कोण येणार, गाडी लागणाऱ्या मुलांना पुढची जागा, हे सगळं मी एकतीस वर्षं केलं आहे. सहलीच्या आदल्या रात्री सहलप्रमुखाला झोप लागत नाही हेही मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र कुणाला नावं ठेवायला लिहिलेलं नाही. पाण्याचे खेळ असलेल्या बागेत मुलं दिवसभर हुंदडतात, तो आनंद त्यांना मिळायलाच हवा. माझं मागणं एवढंच आहे, की यंदा तुमची सहल पुण्याला येणार असेल तर तिच्यातला एक पूर्ण दिवस डेक्कन कॉलेजला द्या. डेक्कन जिमखान्यावर शोधू नका. पुरातत्त्व, इतिहास आणि भाषांवर संशोधन करणारी ही जुनी संस्था नदीपलीकडे येरवड्याला आहे, गाडीच्या चालकाला आधीच सांगून ठेवा.

हा आग्रह का, ते सांगते.

मी शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या पट्ट्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. सहावीचा वर्ग होता. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागात माणसं शेती करत, मातीच्या घरांत राहत, तांब्याची हत्यारं वापरत, असं मी फळ्याजवळ उभी राहून सांगत होते. मधल्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, कशावरून?”

मी म्हटलं, “पुस्तकात दिलंय, बस खाली.”

ती बसली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिने उद्धटपणा केला नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढे, जेव्हा कळलं की त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच तालुक्यात, आमच्याच नदीच्या काठी, इनामगावच्या पांढरीत मिळालं होतं. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथे खोदकाम केलं होतं. मी त्या गावावरून एसटीने कितीतरी वेळा गेले होते.

त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा येरवड्याला गेले आणि त्यानंतर जातच राहिले.

आधी इनामगावबद्दलच लिहिते, कारण मला तेच सगळ्यात जवळचं आहे. ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द खेड्यातल्या मुलांना अजून माहीत असतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली की भिंती पडतात, राख साचते, शेणमातीच्या जमिनी एकावर एक चढतात आणि मातीचा रंग पालटून टेकाड तयार होतं. ही माती गावकरी शेतात टाकायला, घर सारवायला नेतात. पुरातत्त्वाचे लोक नव्या प्रदेशात गेले की आधी पांढर कुठे आहे ते विचारतात. म्हणजे या शास्त्राचा पहिला धडा आपल्या खेड्यातल्या प्रत्येक म्हातारीला पाठ आहे.

इनामगावच्या पांढरीत १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वस्ती सुरू झाली आणि इ.स.पू. ७०० च्या आसपास ती उठली. म्हणजे नऊशे वर्षं. मातीचं घर तीन हजार वर्षं उभं राहत नाही, मग घर होतं हे कशावरून? खांबाच्या खड्ड्यांवरून. लाकूड कुजून जातं, पण खड्डा बुजताना त्यात भरलेली माती आजूबाजूच्या मातीहून वेगळी राहते. जमीन हलक्या हाताने खरवडत गेलं की असे गोल डाग ओळीने दिसू लागतात आणि घराचा आकार उमटतो. आत चूल सापडते, धान्याचं पेव सापडतं. काही ठिकाणी मातीचे गोल, थोडे उंच ओटे होते. एका ग्रंथातला अशा घराचा आराखडा मी झेरॉक्स करून वर्गात फिरवला, तेव्हा मागच्या बाकावरचा, एरवी कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, “ही कणगीची बैठक आहे. आमच्या आजीकडे आहे अशीच.” संशोधकांनीही तेच ओळखलं होतं, आणि तेही गावातल्या कणग्या पाहूनच. त्या दिवसापासून तो मुलगा इतिहासाच्या तासाला पुढे येऊन बसू लागला.

मग धान्य. जळालेला दाणा कुजत नाही, कोळसा होऊन टिकतो. चुलीजवळची माती पाण्यात कालवली की माती खाली बसते आणि दाणे वर तरंगतात. सातू, गहू, मसूर अशी यादी त्यातून हाती आली. हेच कोळशाचे तुकडे काळ सांगतात. झाडाने जिवंत असताना हवेतून घेतलेल्या कार्बनचा एक प्रकार, झाड मेल्यावर दर सुमारे ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरलाय ते मोजायचं आणि हिशेब मांडायचा. आठवीच्या मुलाला हे गणित समजतं. माझ्या वर्गातल्यांना समजलं होतं.

आणि दफनं. इथे मुलांचा श्वास अडकतो, तुम्हीही तयारीने जा. इनामगावला दोनशेहून जास्त दफनं मिळाली. दगावलेलं मूल दोन कुंभांची तोंडं एकमेकांना भिडवून, त्यात ठेवून घरातल्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला उताणं निजवत आणि पावलं घोट्यापासून कापत. त्याने परत चालत येऊ नये म्हणून असेल, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ‘असेल’ हा शब्द मुलांना मुद्दाम ऐकवा. पावलं कापली होती हा पुरावा, आणि का कापली हा अंदाज. या दोहोंतली रेघ मुलांना एकदा दिसली की ती आयुष्यभर दिसत राहते. एका माणसाला मात्र चार पाय असलेल्या, माणसाच्या पोटासारख्या फुगीर रांजणात बसवून पुरलं होतं आणि त्याची पावलं शाबूत होती. तो कोण होता? गावचा प्रमुख असावा, असं म्हणतात. माझ्या वर्गात यावर दोन तास भांडण झालं. मी मध्ये पडले नाही.

शेवटच्या काळात घरं बदलली. आधीची ऐसपैस चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. हाडांमध्ये रानातल्या जनावरांचं प्रमाण वाढलं. पाऊस घटत गेला, शेती साथ देईना, माणसं शिकारीकडे आणि भटक्या जगण्याकडे वळली, असा निष्कर्ष मधुकर केशव ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून काढला. शिरूरच्या मुलांना दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. ‘पाऊस गेला म्हणून गाव उठलं’ हे वाक्य त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं असतं. तेच वाक्य तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीतून निघालं, हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मला पुन्हा कधी अनुभवायला मिळाली नाही.

डेक्कन कॉलेजातलं पुरातत्त्वाचं काम ज्या माणसाने उभं केलं त्यांचं नाव हसमुख धीरजलाल सांकलिया. १९३९ मध्ये ते डेक्कन कॉलेजात आले आणि पुढची पन्नास वर्षं, १९८९ मध्ये जाईपर्यंत, तिथलेच झाले. त्यांनी कुठे कुठे उत्खननं केली? गुजरातेत लांघणज, नर्मदेकाठी नावडातोली, राजस्थानात आहाड, आपल्याकडे जोर्वे, नाशिक, नेवासे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे या लहानशा गावाचं नाव आज एका संपूर्ण संस्कृतीला मिळालं आहे. तांबड्या भांड्यांवर काळ्या रेघांची नक्षी आणि लांब तोटीचं भांडं दिसलं की जगभरचे अभ्यासक ‘जोर्वे’ म्हणतात. संगमनेरच्या शिक्षकांनो, हे तुमच्या मुलांना ठाऊक आहे का?

नेवाशाला आपण जातो ते पैस खांबाच्या दर्शनाला, आणि जायलाच हवं. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ती जागा. पण त्याच गावात, प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचं टेकाड आहे. तिथल्या खोदकामात एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांमध्ये दोरा शिल्लक होता. दोरा तीन हजार वर्षं टिकतो कसा? तांब्याला चढलेल्या गंजाने त्याला कुजू दिलं नाही. तपासल्यावर त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही निघाले. कुणीतरी आपल्या लेकराच्या गळ्यात, त्याला कायमचं निजवताना, ती माळ राहू दिली होती. पाचवीतल्या मुलीसुद्धा हे ऐकून गप्प होतात.

डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात या उत्खननांमधल्या वस्तू आहेत. दगडी हत्यारांपासून सुरुवात होते आणि खापरांपाशी मुलं रेंगाळतात. त्यांना रेंगाळू द्या, ‘चला, चला, पुढे’ म्हणू नका. शेजारी प्रयोगशाळा आहेत. कुणी हाडं पाहतं, कुणी बिया, कुणी मातीचे थर. दाताच्या आवरणावर उमटलेल्या बारीक रेघांवरून त्या माणसाचं लहानपण आजारात किंवा उपासमारीत गेलं होतं का, ते कळू शकतं. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या शहराचं एक उत्खननही इथल्याच पुरातत्त्व विभागाने केलं. तिथल्या डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा देशभर वाद झाले. माझ्याकडे मोबाइलवर उलटसुलट मजकुरांचा पाऊस पडला. साठेक नमुने तपासले, त्यातल्या एकाच स्त्रीच्या अवशेषातून वाचता येईल इतका डीएनए मिळाला, ही गोष्ट त्यातल्या एकाही मजकुरात नव्हती. आपली मुलं असे मजकूर रोज वाचतात आणि पुढे ढकलतात. ‘कशावरून? किती जणांवरून?’ एवढे दोन प्रश्न त्यांच्या जिभेवर असतील तर मला आणखी काही नको.

आता कागदांकडे वळते. आवारातच मराठा इतिहासाचं वेगळं संग्रहालय आहे. त्याचा गाभा म्हणजे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचा संग्रह. पारसनिसांनी आयुष्यभर घराघरांतून, वाड्यांतून कागद, चित्रं, नाणी मिळवली आणि साताऱ्याला संग्रहालय उभं केलं. तो संग्रह १९३९ मध्ये इथे आला. वाईजवळच्या मेणवलीहून आलेलं नाना फडणिसांचं दफ्तरही त्यात आहे. मुलांना मालिकेतले नाना फडणीस माहीत असतात. त्यांना मोडीतलं एक पत्र दाखवा. शाई फिकी झालेली, ओळ न तोडता लेखणी पळालेली. घाईत लिहिलेला कागद आणि सावकाश लिहिलेला कागद यांतला फरक मोडी न येणाऱ्यालाही दिसतो. एका सातवीतल्या मुलाने मला विचारलं होतं, “बाई, हे खरंच त्या वेळचं आहे?” मी म्हटलं, “हो, त्याच वेळचं.” तो हात मागे बांधून उभा राहिला, चुकूनसुद्धा धक्का लागू नये म्हणून.

पानिपतावर मराठीत ज्यांच्या लिखाणाला टाळून पुढे जाता येत नाही, ते त्र्यंबक शंकर शेजवलकर इथेच मराठ्यांचा इतिहास शिकवत. आणि कागदाशिवाय इतिहास नाही हे ज्यांनी महाराष्ट्राला ठणकावून सांगितलं, ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे इथले विद्यार्थी. त्यांनी गावोगाव हिंडून दफ्तरं धुंडाळली आणि १८९८ पासून इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. मला तर वाटतं, ‘कशावरून?’ हा राजवाड्यांचाच प्रश्न होता. माझ्या वर्गातल्या त्या मुलीने तो नकळत पुन्हा विचारला.

संस्थेचा स्वतःचा इतिहास मुलांना सांगताना काही लपवू नका. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात ही संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झाली. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिचा काही भाग मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टन याने तिकडे वळवला. त्या वेळी तिथे फक्त ब्राह्मण मुलांना प्रवेश होता. हेही सांगा. पुढे जमशेटजी जीजीभॉय घराण्याच्या देणगीतून येरवड्याची दगडी इमारत झाली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे आलं. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केलं. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत, कोर्टात गेले, भांडले, आणि १७ ऑगस्ट १९३९ ला ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. १९९० मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मला यातलं १९३९ हे साल सगळ्यात मोठं वाटतं. आपलं कॉलेज पुन्हा उघडावं म्हणून माजी विद्यार्थी सरकारशी भांडतात, हे बंद पडत चाललेल्या शाळांच्या काळात मुलांनी ऐकायलाच हवं.

त्याच वर्षी इरावती कर्वे तिथे रुजू झाल्या. त्यांच्याबद्दल मुलींना सांगताना मला दर वेळी भरून येतं. बर्लिनला पीएच.डी. करताना त्यांना कवट्या मोजण्याचं काम मिळालं होतं. युरोपीय वंश श्रेष्ठ आहे हे कवटीच्या ठेवणीतून दिसेल, असं त्यांच्या मार्गदर्शकांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. आकड्यांत तसं काही दिसत नव्हतं, आणि त्यांनी तसंच लिहिलं. परका देश, वरिष्ठ प्राध्यापक, विशीतली मुलगी. तरी मोजमाप जे सांगतं तेच तिने लिहिलं. पुढे त्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकवत राहिल्या, लांघणजच्या उत्खननात सांकलियांच्या बरोबरीने काम केलं, माणसांच्या नात्यांचा शोध घेत देशभर हिंडल्या, कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणारी बाई म्हणून जुने लोक त्यांची आठवण सांगतात. ती आठवण गोड आहे, पण मुलींना आधी १४९ कवट्यांची गोष्ट सांगा.

टिळक आणि आगरकरांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते तुम्ही शिकवताच. पण नावं आणि सनावळ्या पाठ करणाऱ्या मुलांना ही दोघं एकदा विद्यार्थी म्हणून भेटू द्या. टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवून तब्येत कमावली. वसतिगृहातली त्यांची खोली जपून ठेवलेली आहे. टिळक एलएल.बी. करत होते, आगरकर एम.ए., आणि सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाचं काम करायचं, हा निश्चय त्यांनी याच आवारात केला. त्यातून १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल निघालं. त्यांच्या आधी विष्णुशास्त्री चिपळूणकर इथे शिकले, नंतर मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट आणि तत्त्वज्ञ गुरुदेव रानडे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर इथे शिकवत. पुढे टिळक-आगरकर एकमेकांपासून तुटले, हेही सांगा. इतक्या जवळच्या मित्रांत मतभेद कशावरून झाले, हा प्रश्न दहावीच्या मुलांना नक्की पडतो.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे, कारण तिने माझं शिकवणं बदललं.

डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा एक शब्दकोश तयार होतो आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी तो सुरू केला. ऋग्वेदापासून पुढे सुमारे दीड हजार ग्रंथ घ्यायचे, त्यातला शब्द कुठे, कोणत्या वाक्यात, कोणत्या अर्थाने आला ते एकेका चिठ्ठीवर लिहायचं. चाळीसेक विद्वानांनी पंचवीस वर्षं फक्त हेच केलं. जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या झाल्या. त्या कपाटांच्या रांगांमध्ये लावून ठेवलेल्या आहेत. पहिला भाग १९७६ मध्ये छापून आला. आतापर्यंत तीसहून अधिक भाग निघाले आणि कोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. हे ऐकून कुणी हसलं की मला वाईट वाटतं. आपण पूर्ण झालेला पाहणार नाही हे माहीत असूनही माणसं रोज सकाळी येऊन पुढची चिठ्ठी उचलतात. मी त्या कपाटांसमोर उभी होते तेव्हा मला माझ्या वर्गातल्या फळ्याची आठवण झाली, जिथे चाळीस मिनिटांत एक युग संपवून पुसून टाकायची मला सवय होती.

परत आल्यावर मी मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून एक शब्द आणायचा. शब्द, तो आला ते पूर्ण वाक्य, बोलणाऱ्याचं गाव, तारीख. बाकी काही नाही. पहिल्या आठवड्यात नुसत्या मोटेचेच, म्हणजे बैलांकरवी विहिरीचं पाणी ओढण्याचेच, पंधरा-वीस शब्द गोळा झाले. नाडा, सोल, धाव, थारोळं. धाव म्हणजे विहिरीकडून उतरत जाणारी बैलांची वाट, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. एका मुलीच्या चिठ्ठीवर वाक्य होतं, ‘धावेवर खेळू नगंस, बैल मागं सरतील.’ तिच्या पणजीने तिच्या आजीला म्हटलेलं. ती धाव आज नाही, बैल नाहीत, मोट नाही. वाक्य मात्र चिठ्ठीवर आहे.

डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्र विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या बरोबरीने असंच काम मोठ्या प्रमाणावर केलं आहे. गावोगाव जाऊन मराठीच्या बोलींची ध्वनिमुद्रणं केली आणि ती इंटरनेटवर ऐकायला ठेवली. वर्गात एक स्पीकर लावा आणि तुमच्या जिल्ह्याची बोली शोधा. ‘आपण अशुद्ध बोलतो’ म्हणून गप्प राहणारी मुलं कशी कान देऊन ऐकतात ते पाहा.

आता व्यवहाराचं. आधी पत्र पाठवून संग्रहालयांची वेळ, सुट्टी आणि परवानगी विचारून घ्या. शब्दकोशाचं दालन आणि प्रयोगशाळा या कामाच्या जागा आहेत, तिथे त्यांच्या सोयीनेच जाता येईल. दोनशे मुलं एकदम नेऊ नका, चाळीसच्या आत ठेवा. मोठी शाळा असेल तर दोन दिवस करा. आदल्या आठवड्यात वर्गात एक तास फक्त खापरांवर घ्या. फुटक्या माठाचे तुकडे मुलांना द्या, भांडं केवढं होतं ते काठाच्या वळणावरून काढायला लावा. संग्रहालयात प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर अर्धा तास बसून चित्र काढायचं आणि तीन प्रश्न लिहायचे. परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका, ते तीन प्रश्न फळ्यावर घ्या. आणि आपल्या गावच्या पांढरीत कुणी फावडं घेऊन जाणार नाही एवढं मुलांकडून कबूल करून घ्या. वस्तू जागेवरून हलली की ती कुठल्या थरातली, कशाच्या शेजारची, हे सगळं तिच्यापासून सुटतं आणि मग ती काही सांगत नाही.

पुणं ज्यांना लांब पडतं त्यांनी जवळ पाहावं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात इतिहासाचं वस्तुसंग्रहालय आहे, तिथे पैठणच्या वस्तू आहेत. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीतून निघालेली, समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, या एका प्रश्नावर अख्खी सहल होते.

मला ‘कशावरून?’ विचारणारी ती मुलगी शाळेत असताना येरवड्याला येऊ शकली नाही. तिच्या घरी पैसे नव्हते आणि ती सहल माझ्या डोक्यात येईपर्यंत ती आठवीतून शाळा सोडून गेली होती. तुमच्या वर्गात अशी मुलं असतील तर त्यांचे पैसे आधी बाजूला काढा आणि मग बाकीच्यांचा हिशेब करा.

कुणाला सोबत हवी असेल तर मी यायला तयार आहे. आता गुडघे दुखतात, पण खापरांच्या दालनात एक खुर्ची मिळाली तर दिवसभर बसेन आणि मुलांच्या प्रश्नांची जी उत्तरं मला ठाऊक आहेत ती देईन. जी ठाऊक नाहीत ती आम्ही मिळून वहीत लिहून घेऊ. मुलांना पेन्सिली आणायला सांगा, तिथे शाईचं पेन नको.

आपली,
एक निवृत्त इतिहास-शिक्षिका
शिरूर तालुका, जिल्हा पुणे